एका तासाचा कामकरी

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीचा २०२३-२४ या वर्षाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील दोन आकड्यांचे मोठे कौतुक झाले. पंधरा वर्षांवरील लोकांतील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६ टक्के होते, ते ३.२ टक्क्यांवर आले. आणि ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग त्याच काळात २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांवर गेला. हे आकडे इतर देशांच्या आकड्यांशेजारी कोष्टकात बसतात आणि मग आपला देश कोणाच्या पुढे व कोणाच्या मागे याची चर्चा रंगते. आकडे गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. आमचे भांडण आहे ते त्यांच्या हाती दिलेल्या मापाशी.

हे माप काय आहे, हे आपल्या किती सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक असेल? गेल्या सात दिवसांत ज्याने कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले, तो त्या आठवड्यापुरता कामावर असलेला मानला जातो. वर्षाचा हिशेब करताना रीत याहून उदार आहे. वर्षाचा मोठा भाग काम शोधण्यात गेला, पण तीस दिवस कुठे काम मिळाले, तर तो मनुष्यही कामकऱ्यांत गणला जातो. वर उल्लेखिलेले ३.२ टक्के या दुसऱ्या रीतीने काढलेले आहेत. एका तासाची अट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकांतून आलेली आहे आणि तिच्यामागे तर्क आहे: देशातील सर्व उत्पादन मोजायचे, तर त्यासाठी खपलेला प्रत्येक तास मोजला पाहिजे. उत्पादनापुरते हे ठीकच. पण ज्या गजाने कापड मोजले, त्याच गजाने शिंप्याच्या अंगातला ताप कसा मोजणार?

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दर काही वर्षांनी मिस्सामध्ये ऐकतो. अकराव्या ताशी कामावर घेतलेले ते मजूर आठवावेत. दिवस बाराव्या ताशी मावळतो. म्हणजे त्यांनी काम केले ते तासभर. आजच्या पाहणीच्या लेखी ते निःसंशय कामकरी ठरले असते आणि त्यांची नोंद तेथेच मिटली असती. दिवसभर ते चव्हाट्यावर उभे होते, कोणी त्यांना कामाला लावले नव्हते, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात आली नसती. मळ्याच्या धन्याने मात्र नेमके तेच विचारले, उत्तर ऐकून घेतले आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाचा दिनार हातावर ठेवला. या दाखल्याचा मुख्य आशय देवाच्या कृपेविषयी आहे, त्यातून मजुरीचे दर काढू नयेत, असे आम्हांला सेमिनरीत शिकवले आणि ते योग्यच आहे. तरीही प्रभूला मजुरांचा बाजार ओळखीचा होता, एवढे तरी कोणत्याही भाष्यकाराला मान्य करावे लागेल.

आमच्या जिल्ह्यात असा बाजार नाशिकजवळ गिरणारे येथे भरतो. पेठ, त्र्यंबक, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतील आदिवासी माणसे हंगामात तेथे येऊन थांबतात आणि बागाईतदार त्यांना बोली ठरवून नेतात. पेठ तालुका पावसाला तोटा नसलेला. भात, नागली, वरई पिकते, आणि पाणी उतरून पश्चिमेकडे जाते. दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. मग बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे उठून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. ऑक्टोबर छाटणी, काडीला पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, विरळणी, घड औषधाच्या पाण्यात बुडवणे, आणि शेवटी खुडा. बहुतेक काम उक्ते, एकरावर. उक्त्यात दिवस मोजला जात नाही, वेली मोजल्या जातात. म्हणून कामाचे तास किती, या प्रश्नाला टोळीतल्या बाईकडे उत्तर नसते. मान वर करून आणि हात उंचावून ती दिवस काढते. पेस्टच्या कामानंतर दारू घेतली तर अंगावर बेतते, हे टोळीतल्या जाणत्याला ठाऊक असते. ते औषध हायड्रोजन सायनामाइड होय आणि त्याच्या वेष्टनावर तसा इशारा असतो. पण वेष्टन वाचणारा आणि औषध हाताळणारा ही दोन वेगळी माणसे आहेत.

आता या बाईची मोजणी कशी होते ते पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने २०१३ साली जगातील श्रम-संख्याशास्त्रज्ञांनी व्याख्या बदलली. मजुरी किंवा नफा यांसाठी केलेले काम तेवढा रोजगार. घरच्या खाण्यासाठी पिकवणे हे काम खरे, पण रोजगार नव्हे. आपल्या देशाच्या पाहणीत घरापुरती नागली पिकवणारी हीच बाई मात्र रोजगारात धरली जाते. शेत तेच, नागली तीच. एका मापाने ती कामकरी, दुसऱ्या मापाने नाही. आणि सरपण, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करण्यात दिवस घालवणारी गृहिणी आपल्याच पाहणीने वर्षानुवर्षे श्रमशक्तीच्या बाहेर ठेवली. ग्रामीण स्त्रियांच्या सहभागातील जी वाढ आपण साजरी करतो, तिचा मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतात वा धंद्यात बिनवेतन राबणाऱ्या स्त्रियाही येतात. त्यांचे श्रम कागदावर आले हे चांगलेच झाले. पण त्यांच्या हाती पैसा आला, असा अर्थ कोणी त्यातून काढू नये.

काम आहे की नाही, हा झाला पहिला प्रश्न. काम कसे आहे, हा दुसरा. लेखी करार, पगारी रजा, सामाजिक सुरक्षा यांविषयीची जी कोष्टके गाजतात, ती शेतीबाहेरील नियमित पगारदारांची असतात. २०१७-१८ साली त्या सुस्थित समजल्या जाणाऱ्या वर्गातही ७१.१ टक्के लोकांपाशी लेखी करार नव्हता. द्राक्षबागेतील टोळी या कोष्टकात येतच नाही. कायद्याचेही तेच. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता; त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही तीच सीमा धरली. पेठचा माणूस धरमपूरकडे उतरला तर तो स्थलांतरित, आणि पिंपळगावकडे गेला तर आपल्याच जिल्ह्यात हिंडणारा! मुलांची शाळा मात्र दोन्हीकडे सारखीच बुडते.

याच बागेतील द्राक्षाचे भाग्य पाहावे. युरोपला जाणाऱ्या मालाची बाग नोंदवलेली असते, प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत लागतो, मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, गोडी यंत्राने तपासतात, आणि ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून नाशिकचा माल युरोपात अडला आणि बागाईतदारांचे कंबरडे मोडले. त्यांचे ते दुःख आम्ही हलके लेखत नाही. पण जो अंश मण्यावर सापडतो, तो त्याआधी कोणाच्या तरी हातावर असतो. त्या हाताची प्रयोगशाळा कोठे आहे? प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेत कामगारांच्या स्थितीसाठी ‘ग्रास्प’ नावाची पुरवणी तपासणी आहे हे खरे. ती मुख्यतः कागद तपासते. आणि उक्त्याने आलेल्या टोळीचा कागद म्हणजे मुकादमाच्या खिशातील वही.

ते द्राक्ष खाणारा युरोप आपल्या कामगाराला काय विचारतो, हेही जाणून घेण्याजोगे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तेथे दर काही वर्षांनी कामाच्या परिस्थितीची पाहणी होते. अवघडलेल्या स्थितीत किती वेळ राहावे लागते, जड ओझी उचलावी लागतात काय, रसायनांशी संबंध येतो काय, असे प्रश्न प्रत्यक्ष कामगाराला विचारतात. विचारायचे ठरवले म्हणजे विचारता येते, याचा हा पुरावा होय. उलट जेथे विचारत नाहीत तेथे कोष्टक फसवे होते. कामावरील अपघातांचे प्रमाण हा शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतील एक निर्देशक आहे; ज्या देशात नोंद चोख, तेथे अपघात अधिक दिसतात, आणि जेथे नोंदच नाही तो देश सुरक्षित भासतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ती बातमी रुग्णालयातून बाहेर आली, श्रमाच्या कोणत्याही निर्देशकातून नव्हे.

वेगळ्या मापाची ही गोष्ट जुनीच आहे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. भारतीय कामगारांच्या वतीने आपले नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. आठ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा जगासाठी ठरला; ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र साठ तासांचा आठवडा लिहिला गेला. शतक उलटले. सभ्य कामाची कल्पना त्याच संघटनेने १९९९ साली मांडली, १ मे २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामगारांच्या महोत्सवात तिला जाहीर पाठिंबा दिला. तरी घरकामगारांविषयीच्या २०११ च्या करारावर भारताने अद्याप मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

काही भाविक विचारतील, धर्मगुरूने या आकडेमोडीत का पडावे? त्यांना आम्ही १८९१ सालचे लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ दाखवू. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याचीच आठवण ठेवली. ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या १९८१ च्या परिपत्रकात तर जॉन पॉल दुसरे यांनी स्वतःच एक निर्देशक सुचवला आहे: एखादी अर्थव्यवस्था न्यायी आहे की नाही, हे मजुराला मिळणाऱ्या वेतनावरून तपासावे, आणि ते वेतन त्याच्या कुटुंबाला पुरावे. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, हा अनुवाद ग्रंथातील नियमही मोजण्यास सोपा आहे. तो एका प्रश्नात मावतो. तरी कोणतीही पाहणी तो विचारत नाही, आणि उचल घेऊन आलेल्या टोळीचा हिशेब हंगाम संपल्यावर मुकादमाच्या तोंडून होतो.

माणसाची प्रतिष्ठा आकड्यात पकडता येत नाही, म्हणून मोजूच नये, असे म्हणणाऱ्या सज्जनांशीही आमचे जमत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात कामावर किती हात आले ते रोज मोजले गेले, म्हणून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला.

आपल्या धर्मग्रामांना मोजण्याची सवय आहे. बाप्तिस्मे, विवाह, दफने यांची दफ्तरे आपण पिढ्यान्‌पिढ्या राखली, आणि दर वर्षी त्यांची बेरीज धर्मप्रांताकडे जाते. त्याच निष्ठेने एक वही आणखी ठेवावी, असे आमचे मागणे आहे. डोंगरातल्या धर्मग्रामांनी दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या प्रत्येक घराची नोंद करावी: किती दिवस, कोणत्या बागेत, उचल किती, हिशेब केव्हा झाला, दुखणे काय आले. नाशिक, दिंडोरी, निफाडकडील ज्या कुटुंबांच्या बागा आहेत, आणि वसईपासून पुण्यापर्यंत ज्यांच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते, त्यांनी आपल्या बाजूने तेच लिहावे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसेल, आणि तो तालुक्याचा आकडा असेल. सरकारी पाहणीतून आज असा आकडा मिळत नाही. पहिला रकाना मात्र आम्ही आताच आखून देतो: कामावर घेईपर्यंत चव्हाट्यावर किती तास उभे राहिलात?