फुटेज दुकानाचं, निकालही दुकानाचाच?

ठाण्यातल्या मॉलपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत दुकानादुकानांत कॅमेरे लागले आहेत. चोरी झाली तर दुकानदाराने फुटेज तपासावं, पोलिसांत द्यावं. त्याला आपला विरोध नाही. प्रश्न वेगळा आहे. स्टॉक जुळला नाही की रेकॉर्डिंग मागे नेऊन माणूस शोधतात, तेव्हा शोधणाऱ्याची नजर कोणावर थांबते? साधी चप्पल, कापडी पिशवी, सोबत दोन बायका. मग दहा सेकंदांची क्लिप 'महिलांची टोळी' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते. तक्रार नोंदायच्या आधीच शिक्षा भोगून होते.

हा 'टोळी' शब्द साधा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पारध्याच्या पोराकडे बघणारी नजर गेली का?

संविधानाचं कलम १५(२) दुकानातल्या प्रवेशाबाबत जातीवरून आडकाठी करायला मनाई करतं, मग दुकान खासगी का असेना. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, असं स्पष्ट केलं होतं. आत सोडायचं आणि कपडे बघून मागे गार्ड लावायचा, हा कसला प्रवेश?

आता कायद्याचं बघा. खासगी माणूस कोणाला पकडू शकतो ते फक्त त्याच्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच; आणि मग विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यावं लागतं. काल रात्रीचं फुटेज बघून आज एखाद्या बाईला गोदामात बसवून ठेवणं यात बसत नाही. न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये तर पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. दुकानाच्या दारावर फोटो लावण्याची शिक्षा कुठल्याच कलमात नाही.

फुटेजची कॉपी म्हणजे आपोआप पुरावाही नव्हे. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यातही वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता. मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यात ठरवलं. आज साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तीच अट आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या कोणाला दुकानात अडवलं तर हुज्जत घालत बसू नका. आधी ११२ ला फोन करा. मग दुकानाला आणि पोलीस ठाण्याला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या: त्या वेळेचं सलग रेकॉर्डिंग जपून ठेवा, बिल काउंटरच्या कॅमेऱ्याचंसुद्धा. पोच घ्या. बहुतेक यंत्रांत जुन्या रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं चढतं, आणि तिने पैसे दिले हे दाखवणारा तुकडा बऱ्याचदा त्याच काउंटरच्या कॅमेऱ्यात असतो.