अवजल म्हणजे टाकाऊ पाणी नव्हे

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

कोयनेचं अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी, मुंबईला न्यायचा विषय फिरून फिरून वर येतो आणि दर वेळी कारण एकच सांगतात: पाणी वाया जातं, समुद्राला मिळतं. पोफळीत राहून हे ऐकवत नाही.

घाटावरचा पाऊस सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतो, आमच्या भूमिगत वीजगृहातली चक्रं फिरवतो, कोळकेवाडीत पुन्हा वीज देतो आणि वाशिष्ठी नदीत उतरतो. पोफळीचं वीजगृह 1962 पासून चालू आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलं वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे दिवसाला सरासरी 520 कोटी लिटर. अख्ख्या मुंबईला महापालिका रोज देते 400 कोटींच्या आसपास. एका मुंबईला पुरून उरेल एवढं पाणी या डोंगरातून उतरतं आणि मे महिन्यात याच चिपळूण तालुक्यात वाड्यांवर टँकर फिरतो. विहिरीत उतरून वाटीवाटीनं हंडा भरणारी बाई मान वर करते, तेव्हा तिला डोक्यावर टॉवरच्या तारा दिसतात.

वाया कुठे जातं? चिपळूणचे नळ, लोट्याचे कारखाने वाशिष्ठीवरच चालतात. वीजनिर्मिती थांबली की नदी आटते आणि नळाला फटका बसतो.

प्रश्न हक्काचाही आहे. फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी 1968 साली शहरात राहणाऱ्यांचा शहरावरचा हक्क मांडला. नील ब्रेनर आणि ख्रिस्तियान श्मिड या शहर-अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं की शहर पालिकेच्या हद्दीत संपत नाही. ज्या धरणांवर, खाणींवर, वीजगृहांवर ते जगतं, तीही त्याचीच अंगं. मग पोफळी मुंबईचं अंग आहे. पण तुमचा विकास आराखडा दहिसर-मुलुंडला थांबतो. घेताना आम्ही शहरात, देताना खेड्यात!

ठाणे जिल्ह्यातलं शहापूर डोळ्यांसमोर आहे. भातसा, तानसा ही धरणं तिथं. नळ मुंबईत, आणि धरणाशेजारचे पाडे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. आमची पोरं चाकरमानी म्हणून नेलीत, वीज नेलीत. पाणी असंच नेऊ देणार नाही.

आधी डोंगरावरच्या वाड्यांची नळयोजना पुरी करा. 67.5 पैकी किती टीएमसी कोकणासाठी राखून ठेवणार, ते सरकारी निर्णयात आकड्यानिशी लिहा. तो कागद हातात पडेपर्यंत जलवाहिनीची मोजणी करायला पोफळीच्या वेशीत कुणी पाऊल टाकू नये.

पोफळीचा एक रहिवासी