पोरांना कायद्याचा धाक नको, ओळख हवी



मटक्याचा जन्म कापसाच्या घरचा, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा सट्टेवाल्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. ओपन-क्लोज ही भाषा त्या बाजारातलीच. कापूस पिकवणारा कर्जात राहिला आणि त्याच्या भावावर आकडे घेणारे गबर झाले.

आम्ही बिरसीचे. आमच्याकडे कापूस-ज्वारी नाही, धान आहे. पण हा रोग पीक पाहून येत नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी आमच्या गोंदिया शहरात एका संशयित बुकीच्या घरावर छापा घातला. कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने-चांदी निघाली. ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने दिली होती. व्यापाऱ्याने तक्रार तरी दिली. खेड्यातले सोळा वर्षांचे पोर कोणाकडे जाणार?

पोराचे असे होते. मंडईत झंडीमुंडीवर दहा रुपये, पोळ्याला पत्त्यांत पन्नास, मग कोणीतरी मोबाईलवर आयडी देतो. आधी जिंकतो, मग हरतो, मग उधारी चढते. वसुलीवाला म्हणतो, "पैसे टाक, नाहीतर पोलिसात देतो." पोरगा घरातले धान चोरून विकतो आणि उरलेले फेडायला पुन्हा खेळतो. ओळखीच्या एका घरी आम्ही हे पाहिले. चार हजारांच्या उधारीपायी पोरगा दोन दिवस घरी आला नाही. आईने विहिरी धुंडाळल्या. पोरगा सापडला, पण ज्या धमकीने तो पळाला ती पोकळ होती, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

काय सांगायला हवे होते? पहिली गोष्ट, जुगाराची उधारी कोर्टात वसूल होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवते. जिंकणाऱ्यालाही दावा लावता येत नाही. शिवाय अठरा वर्षांखालच्याशी केलेला करार कायद्याला मान्यच नाही.

दुसरी, १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा अड्डा चालवणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो आणि अड्ड्यावर खेळायला बसलेल्यालाही. चव्हाट्यावर पैसे लावून पत्ते खेळणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, मग पोळा असो की दिवाळी.

तिसरी, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांविरुद्ध कायदा केला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही.

चौथी, अठरा वर्षांखालचे मूल सापडले तरी २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत टाकता येत नाही. ते बाल न्याय मंडळापुढे जाते आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने त्याला मोफत वकील मिळतो.

कोणी म्हणेल, कायदा १८८७ पासून आहे, मटका थांबला का? नाही थांबला. चिठ्ठी कोणत्या पानठेल्यावर फाटते, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ते ठाण्यालाच ठाऊक नसेल, असे आम्ही मानत नाही. पण एका तासिकेने मटका बंद पडेल, असा आमचा दावाच नाही. पोराने वेळेवर तोंड उघडावे, एवढेच आम्हाला हवे. वसुलीवाल्याचा सारा धंदा पोराच्या गप्प बसण्यावर चालतो.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. आपली कोरडवाहू शेती म्हणजे दरसाल पावसावर लावलेला डाव. बापाला मेहनत करून हरताना पाहिलेल्या पोराला एका आकड्यात सुटका दिसली, तर त्याला नुसते बदडून काय होणार? पोळ्याला आपणच पत्ते कुटत बसलो, तर पोराला कोणत्या तोंडाने अडवणार?

म्हणून या बैठकीत एवढे ठरवावे. प्रत्येक गावाने पोळ्याआधी तालुका विधी सेवा समितीला अर्ज करून आपल्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी वकिलाची एक तासिका लावून घ्यावी. आईबापांनीही मागच्या बाकावर बसून ऐकावे. मोबाईलवरून फसवून पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. आणि आज रात्री घरी गेल्यावर पोराला जवळ बसवून सांगावे, "हरलास तरी घरी ये. आधी आम्हाला सांग."