घरची तालीम

धार व देवास येथील पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन होऊन दरबाराचा आश्रय संपला, आणि शाळांतून हिंदी व इंग्रजी माध्यमे रूढ झाली, तेव्हा तेथील मराठी कुटुंबांत स्वभाषेच्या शिक्षणाचा भार बहुतांशी घरावरच येऊन पडला. अशा घरांतील पालक परस्परांस जे सल्ले देतात, त्यांत ‘रोज नेमाने शुद्धलेखन गिरवून घ्या’ असे बजावणारा एक पक्ष आणि ‘मुलाचा कल पाहून चालू द्या’ असे सुचवणारा दुसरा, असे दोन पक्ष सहसा आढळतात. माझ्या मते दोहोंतही सत्यांश आहे. परंतु हजेरीपट, तासिका आणि परीक्षा यांचा शाळेतील सारा सरंजाम घरात आणण्याचा पहिल्या पक्षाचा हव्यास मात्र सर्वथा त्याज्य होय.

घरच्या तालमीचे उदाहरण देवासातच सापडते. क्षयाच्या व्याधीमुळे १९४८ मध्ये देवासला आलेले शास्त्रीय गायक कुमार गंधर्व तेथेच स्थायिक झाले आणि मुकुल शिवपुत्र व कलापिनी कोमकली या त्यांच्या अपत्यांना संगीताची दीक्षा पित्याकडून मिळाली. ज्या घरात विद्या हाच नित्याचा व्यवहार असतो, तेथे श्रवण हेच अर्धे अध्यापन ठरते.

भाषेलाही हेच लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा शाळेची हमी देतो. मातृभाषेची हमी पालकांनीच द्यावयाची आहे. म्हणून मुलाला मराठी वाचावयास बसवण्यापूर्वी पालकांनी स्वतः त्याच्यासमोर मराठी पुस्तक उघडावे, हाच माझा सल्ला.