धातूच्या गाभ्याची चाके : घ्यावीत की न घ्यावीत?



एका पायाने जमिनीला रेटा देत पळवायची दोन चाकांची स्कूटर तुमच्यापैकी पुष्कळांनी चालविली असेल. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विम ऊबोटर यांनी १९९० नंतरच्या दशकात या जुन्या खेळण्याला ॲल्युमिनियमचे हलके, घडीचे रूप दिले आणि २००० सालाच्या सुमारास ती जगभर पसरली. मुलांच्या हाती ती पडल्यावर ती नुसती सरळ कशी धावणार? ती उड्या मारू लागली, हवेत गिरक्या घेऊ लागली. त्यातूनच कसरतीची, म्हणजे ‘स्टंट’ स्कूटर निराळी तयार झाली. हिला घडी नसते, हँडल पक्के असते आणि चाके बहुधा १०० ते १२० मिलिमीटर व्यासाची असतात.

या स्कूटरच्या बाबतीत एक प्रश्न घरोघरी उपस्थित होतो. स्कूटरला आलेली प्लॅस्टिकच्या गाभ्याची चाके काढून त्या जागी धातूच्या गाभ्याची चाके बसवावीत काय? दुकानदार म्हणतो, “वेग वाढेल.” मित्र म्हणतो, “माझ्याकडे आहेत, तूही घे.” वडील म्हणतात, “चालताहेत ना ही? मग कशाला?” तिघांपैकी कोणाचे ऐकावे? माझे मत असे, की या तिघांच्याही आधी पदार्थविज्ञानाचे ऐकावे. ते काय सांगते, हे आपण क्रमाने पाहू या.

चाकाचे तीन भाग

बैलगाडीचे चाक तुम्ही पाहिले असेल. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि सर्वांत बाहेर लोखंडी धाव. म्हणजे आत लाकूड आणि बाहेर धातू. स्कूटरच्या चाकाची रचना याच्या उलट असते. बाहेर मऊ थर, आत कठीण गाभा आणि गाभ्याच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग.

बाहेरचा थर पॉलियुरेथेन या पदार्थाचा असतो. जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली हे रसायन प्रथम तयार केले. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी यांनी त्याची चाके स्केटबोर्डला लावली आणि त्या खेळाचे रूपच पालटले. त्यापूर्वीची चिकणमातीच्या मिश्रणाची चाके बारीक खड्यालाही अडत. नवी चाके त्यावरून सहज जात आणि जमीनही घट्ट धरीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम आहे. तो खेळ बदलला तो बाहेरच्या थरामुळे, गाभ्यामुळे नव्हे.

वेग खरोखर वाढतो काय?

चाक जमिनीवर लोळत असताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग किंचित दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. दबताना जेवढी ऊर्जा खर्ची पडते, तेवढी सगळी फुगताना परत मिळत नाही. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लोटण घर्षणाचे मुख्य कारण हेच. आता विचार करा, चाकात दबते कोण? पॉलियुरेथेनपेक्षा नायलॉनसारखे प्लॅस्टिक सुमारे शंभरपट ताठ असते आणि ॲल्युमिनियम त्या नायलॉनपेक्षाही वीस ते तीस पट ताठ असते. साहजिकच दबण्याचे बहुतेक काम बाहेरच्या थरालाच करावे लागते. गाभा भरीव आणि जाड प्लॅस्टिकचा असेल, तर तो धातूचा केल्याने सपाट रस्त्यावर फारसा फरक पडणार नाही. गाभ्याचे आरे बारीक आणि लवचिक असतील, तर मात्र तेही वाकतात व ऊर्जा खातात. तेथे धातूचा थोडा उपयोग होईल.

दुकानात चाक हातात धरून गरकन फिरविले जाते आणि ‘बघा, किती वेळ फिरते!’ असे सांगितले जाते. या युक्तीला भुलू नका. जड चाक एकदा फिरू लागले की थांबायला जास्त वेळ घेते, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय बेअरिंगमधले घट्ट वंगण काढून टाकले तरीही चाक अधिक वेळ फिरते, पण ते बेअरिंग लवकर झिजते. हवेत फिरणाऱ्या चाकाचा बाहेरचा थर दबतच नाही. मग रस्त्यावर होणारा ऊर्जेचा खरा व्यय हवेत दिसणार कसा?

बेअरिंगवरच्या आकड्यांचेही असेच आहे. त्यावर १, ३, ५, ७ किंवा ९ असा ‘एबेक’ अंक लिहिलेला असतो. तो घडणीतील मापांची अचूकता सांगतो. वेग सांगत नाही. ११० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३४.५ सेंटिमीटर होतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना ते मिनिटाला सुमारे ८७० फेरे घेते. हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रांच्या मानाने हे काहीच नाही. साध्या पण स्वच्छ बेअरिंगला एवढे काम सहज पेलते.

वजनाचा हिशेब

धातूची चाके नेहमी जडच असतात असे नाही; गाभ्यात पोकळ्या ठेवून ती हलकीही करतात. परंतु समजा, नवे चाक जुन्यापेक्षा ५० ग्रॅमने जड आहे. दोन चाकांचे झाले १०० ग्रॅम. लोळणाऱ्या चाकाला पुढे जाण्याची आणि स्वतःभोवती फिरण्याची अशा दोन्ही गती द्याव्या लागतात. म्हणून हे वजन फार तर दुप्पट, म्हणजे २०० ग्रॅम धरा. तुमचे वजन ५० किलोग्रॅम व स्कूटरचे ४ किलोग्रॅम असेल, तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. खिशातल्या डब्याएवढा!

पण थांबा. कसरतीत हिशेब बदलतो. ‘टेलव्हिप’ नावाच्या कसरतीत हँडल हातात तसेच राहते आणि पायाखालची फळी हँडलच्या दांड्याभोवती हवेत पूर्ण फेरी घेते. येथे वजन किती, यापेक्षा ते अक्षापासून किती दूर, हे महत्त्वाचे. अंतर दुप्पट झाले तर फिरविण्याचे काम चौपट अवघड होते. यालाच पदार्थविज्ञानात निरूढी परिबल म्हणतात. ५० सेंटिमीटर लांबीची, दीड किलोग्रॅमची फळी आणि तिच्या टोकाला २०० ग्रॅमचे चाक धरा. ते चाक २५० ग्रॅमचे केले, की निरूढी परिबल सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा फरक पायाला जाणवेल. पुढचे चाक मात्र या फेरीत भागच घेत नाही. ते ५० ग्रॅमने जड झाले तरी येथे काही बिघडत नाही. म्हणून चाके घ्यायचीच असतील, तर आधी काट्यावर ठेवा. जाहिरातीत ‘धातू’ हा शब्द मोठा असतो. ग्रॅमचा आकडा बारीक असतो.

मग धातूचा फायदा कोठे?

फायदा आहे, आणि तो मोठा आहे. फक्त तो वेगाचा नाही, बळकटीचा आहे. एक मीटर उंचीवरून ५० किलोग्रॅमचा मुलगा खाली येतो असे समजा. जमिनीला टेकताच त्याने गुडघे वाकवून शरीर आणखी ४० सेंटिमीटर खाली घेतले, तर सरासरी सुमारे १,७५० न्यूटन बल लागते. तोच मुलगा पाय ताठ ठेवून फक्त ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हे बल सुमारे १०,५०० न्यूटन होते. सहापट! असा आघात एकाच चाकावर आला, तर प्लॅस्टिकचा आरा तडकू शकतो, आणि भर कसरतीत चाक तुटणे म्हणजे नुसते चाकाचे नुकसान नव्हे.

दुसरे असे की, सतत दाब राहिला तर प्लॅस्टिक हळूहळू कायमचे दबते. बेअरिंग जेथे बसते ती खाच सैल होते, बेअरिंग तिरके बसते आणि चाक डुलू लागते. ॲल्युमिनियमची खाच आपला गोलपणा अधिक काळ टिकवते. जो रोज उड्या मारतो, त्याला हा फरक निश्चित मोलाचा वाटेल.

धातूलाही दोष आहेत, हे सांगितले नाही तर हिशेब अपुरा राहील. ॲल्युमिनियमला पुनःपुन्हा बसणाऱ्या आघातांनी शीण येतो आणि त्यालाही चिरा पडतात. धातूच्या गाभ्यावर पॉलियुरेथेन चिकटवून बसविलेले असते. ही पकड सुटली तर थर गाभ्यापासून वेगळा होतो. गाभा मोठा असेल, तर बाहेरचा थर पातळ राहतो, धक्के अधिक लागतात आणि ब्रेक दाबून घसरल्यावर झीज लवकर गाभ्यापर्यंत पोहोचते. थर झिजला की उत्तम स्थितीतला गाभाही टाकून द्यावा लागतो.

माझे मत

आता निर्णयाकडे येऊ. तुम्ही स्कूटर शाळेत जाण्यासाठी किंवा सोसायटीच्या आवारात फिरण्यासाठी वापरीत असाल, तर धातूच्या गाभ्याची चाके घेऊ नका. त्या पैशांत तुम्हाला जे मिळेल ते बहुतांशी चकाकी असेल. बेअरिंग पुसा, वंगण द्या, चाके उलटसुलट करून सारखी झिजू द्या. एवढ्याने स्कूटर पुष्कळ सुधारेल.

तुमची स्कूटर घडीची असेल, तर कसरतीसाठी तिला धातूची चाके लावणे हे तर मी चूकच म्हणेन. उडीचा आघात चाकावर संपत नाही. तो फळी, सांधा आणि दांडा यांतून वर जातो. घडीचा सांधा कच्चा आहे तोवर पक्के चाक काय करणार? उलट चाक पक्के झाले म्हणून तुम्ही अधिक उंच उडी घ्याल, आणि धोका वाढेल.

परंतु तुमची स्कूटर खास कसरतीची असेल, तुम्ही नियमित उड्या घेत असाल आणि प्लॅस्टिकच्या गाभ्याला चीर दिसत असेल किंवा बेअरिंगची खाच सैल झाली असेल, तर धातूच्या गाभ्याची चाके जरूर घ्या. तेव्हा तो शौक नाही, ती सुरक्षितता आहे. मात्र व्यास आणि रुंदी तुमच्या स्कूटरच्या पुढच्या चिमट्यात बसते की नाही हे आधी मोजा. २४ मिलिमीटर रुंदीच्या चाकासाठी केलेल्या जागेत ३० मिलिमीटरचे चाक शिरणार नाही.

आणि एक अट. डोक्याला हेल्मेट नसेल, तर पहिला रुपया तेथे खर्च करा. चाकाचा गाभा बदलता येतो, डोक्यातला नाही. गुडघे वाकवून उतरण्याचा सराव तर फुकटच आहे, आणि त्याने आघात सहापटीने कमी होऊ शकतो हे आपण आताच पाहिले. कोणतेही चाक विकत घेऊन एवढा लाभ होणार नाही.

स्वतः करून पाहा

माझ्या म्हणण्यावर विसंबून राहू नका. ज्याच्याकडे धातूच्या गाभ्याची चाके आहेत अशा मित्राला बोलवा. एका सौम्य उतारावर खडूने रेघ मारा. त्या रेघेवरून धक्का न देता स्कूटर सोडा आणि उतार संपल्यावर सपाट जमिनीवर ती किती अंतर जाते ते मोजा. दोन्ही चाकांच्या जोड्यांनी प्रत्येकी दहा वेळा हे करा व सरासरी काढा. स्वार एकच असू द्या. चाकांचा व्यास आणि बाहेरच्या थराचा कठीणपणा सारखा असावा. बहुधा चाकावर तो ८५ए किंवा ८८ए असा लिहिलेला असतो. बेअरिंगही तीच काढून दुसऱ्या जोडीत बसवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. शक्य असेल तर कोणती चाके लावली आहेत हे स्वाराला कळू देऊ नका, कारण ‘नवे ते वेगवान’ ही समजूत पायालाही फसवते.

शिक्षकांना विनंती अशी की, घर्षण आणि बल हे धडे शिकविताना हा प्रयोग मैदानावर जरूर करून घ्यावा. आज प्रश्न चाकांचा आहे. उद्या तो सायकलचा, बुटांचा किंवा फोनचा असेल. दुकानदार दरवेळी ‘सुधारित’ हाच शब्द वापरील. सुधारणा नेमकी कशात आहे, किती आहे आणि ती मला लागणार आहे काय, हे तीन प्रश्न विचारायची सवय एकदा जडली, की तिचा उपयोग चाके झिजून गेल्यावरही होत राहील.