फ्रोडो दोषी काय?

टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रदीर्घ अद्भुत कादंबरी १९५४-५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाली, तेव्हां तिजविषयीं तीव्र मतभेद झाले. कवि ऑडन यांनीं तिची स्तुति केली. टीकाकार एडमंड विल्सन यांनीं १९५६ सालीं ती बालिश ठरविली. परंतु मला अधिक विचारार्ह वाटतो तो एका सामान्य वाचकाचा आक्षेप. फ्रोडो हा लहानखुरा नायक दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करण्यासाठीं अग्निपर्वतापर्यंत जातो, आणि शेवटच्या क्षणीं ती टाकण्याचें नाकारतो. अशा विश्वासघातक्यास गौरवाऐवजीं देहदंड हवा होता, असें त्या वाचकानें टोल्कीन यांस लिहिलें!

हें मत मला मान्य नाहीं. अंगठीचा भार फ्रोडोनें शक्ति संपेपर्यंत वाहिला. शिवाय ज्या गॉलमला त्यानें पूर्वीं दयेनें जीवदान दिलें, तोच ती अंगठी हिसकावून घेऊन, तोल जाऊन अग्नींत पडला, आणि कार्य सिद्धीस गेलें. जें बळानें साधलें नाहीं, तें दयेनें साधलें.

निकालपत्रकावरील शेवटचा आंकडा पाहून, वर्षभर झटलेल्या मुलास मीहि त्या वाचकाप्रमाणेंच दोष दिला आहे. त्याचें आज वाईट वाटतें. पालकहो, पाल्याच्या हातीं असा काळोखानें भरलेला ग्रंथ दिसल्यास तो काढून घेऊं नका. त्यास तो शेवटपर्यंत वाचूं द्या. मग ‘फ्रोडो दोषी काय?’ एवढेंच विचारा, आणि त्याचें उत्तर शांतपणें ऐका.