दुआत सुदान का नाही?

तरावीह आटोपून सोनिवलीला घरी परततो तेव्हा मशिदीतली दुआ कानात असते. इमामसाहेब पॅलेस्टाईनचे नाव घेतात, सारी जमात ‘आमीन’ म्हणते. मीही म्हणतो, मनापासून. पण सुदानचे नाव मात्र आमच्या दुआत क्वचितच येते. कारण बोलायला अवघड आहे. तिथे मारणारेही बहुतेक रोजेदार आणि मरणारेही.

ही यादवी पेटली तीच रमजानात, १५ एप्रिल २०२३ ला. एकीकडे जनरल बुरहान यांचे सैन्य, दुसरीकडे हेमेदती यांची ‘आरएसएफ’ ही निमलष्करी फौज. महिनाभरातच दोघांनी जेद्दाहमध्ये नागरिकांना इजा न करण्याचे लेखी वचन दिले आणि मोडले. ८ मार्च २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने रमजानपुरती तरी लढाई थांबवा, असा ठराव केला. बाजूने १४ मते, रशिया तटस्थ. रमजान आला आणि गेला, तोफा चालूच राहिल्या.

वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग या ठरावांचा उपयोग काय?” मी तिला दारफुरचे सांगितले. तिथल्या अत्याचारांचे प्रकरण परिषदेने २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले. त्यात अली कुशैब हा टोळीप्रमुख ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरला. “वीस वर्षांनी?” ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. त्याच महिन्यात दारफुरमधले अल-फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडले आणि तिथे कत्तली झाल्या.

खरी गोम शस्त्रांत आहे. परिषदेची शस्त्रबंदी आहे, पण ती फक्त दारफुरपुरती. बाकी सुदान मोकळा. म्हणजे एका खोलीला कुलूप आणि घराचा दरवाजा सताड उघडा. आरएसएफला शस्त्रे पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर होतो, अमिरात तो नाकारते. आमच्या कित्येक घरांतली चूल दुबईच्या पगारावर पेटते, त्यामुळे हे नाव घेताना जीभ अडखळते. माझीही अडखळली.

‘ऑपरेशन कावेरी’ आठवते? २७ एप्रिल २०२३ रोजी सुदानमधून सुटलेले २४६ भारतीय मुंबईत उतरले. आपली माणसे आली आणि आपल्यापुरती बातमी संपली. तिकडे एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून निघाले. उल्हासनगरला हे समजावून सांगायला नको. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथल्या लष्करी बराकींत उतरली, आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात.

येत्या जुम्म्याला इमामसाहेबांना सुदानचे नाव घेण्याची विनंती करणार आहे. खासदारांसाठी एक पत्रही लिहून ठेवले आहे : शस्त्रबंदी साऱ्या सुदानला लागू व्हावी, ही मागणी भारताने उचलून धरावी. कॅम्प चारमधल्या दोन सिंधी मित्रांनी त्यावर सह्या केल्या आहेत. इफ्तारला येतील तेव्हा आणखी चार आणतो म्हणालेत.